चिमणीवरचा ओपॅसिटी मीटर: नवख्या तंत्रज्ञासाठी हाताळणी आणि कॅलिब्रेशन

ओपॅसिटी मीटर एकच गोष्ट मोजतो: चिमणीच्या एका बाजूने सोडलेल्या प्रकाशापैकी किती प्रकाश वाटेत हरवला. तो राखेच्या कणांनी अडवला, काचेवर बसलेल्या काजळीने अडवला, पाण्याच्या थेंबांनी विखुरला, की समोरचा परावर्तक किंचित हलल्यामुळे परतच आला नाही, हे यंत्राला कळत नाही. ते ओळखणे हे तंत्रज्ञाचे काम आहे, आणि या लेखातील प्रत्येक पायरी त्याच कामासाठी आहे. उदाहरण म्हणून साखर कारखान्यातील सहवीजनिर्मितीच्या, बगॅसवर (उसाच्या चोथ्यावर) चालणाऱ्या बॉयलरची चिमणी घेतली आहे. औष्णिक वीज केंद्रात काम करणाऱ्यालाही यातील बहुतेक भाग जसाच्या तसा लागू पडेल.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने ५ फेब्रुवारी २०१४ रोजी निर्देश दिल्यानंतर १७ प्रकारच्या अतिप्रदूषणकारी उद्योगांना, म्हणजे साखर कारखाने, वीज केंद्रे आणि सिमेंट उद्योगांसह, चिमणीवर सतत चालणारी ऑनलाइन मोजणी बंधनकारक झाली. आपल्याकडे धुळीची मर्यादा मिलिग्रॅम प्रति सामान्य घनमीटर या एककात दिलेली असते, त्यामुळे ओपॅसिटीची टक्केवारी हा आपल्यासाठी मधला टप्पा ठरतो. अमेरिकेत ओपॅसिटीची मर्यादा थेट टक्क्यांत असते आणि ६ मिनिटांची सरासरी पाहिली जाते. तरीही तिथल्या पर्यावरण संस्थेचे ‘परफॉर्मन्स स्पेसिफिकेशन १’ आपल्या तंत्रज्ञाने माहीत करून घ्यावे, कारण अनेक उत्पादक आपले यंत्र त्याच निकषांवर बेतून पाठवतात आणि त्यातील चाचण्या नीट विचार करून रचलेल्या आहेत.

आधी आकड्यांचा अर्थ

शंभर भाग प्रकाश निघाला आणि ८० भाग पोहोचला, तर पारगमन ८० टक्के आणि ओपॅसिटी २० टक्के. बहुतेक यंत्रांत मात्र प्रकाशाचा उगम आणि संवेदक एकाच पेटीत असतात, समोरच्या बाजूला परावर्तक बसवलेला असतो आणि प्रकाश चिमणी दोनदा ओलांडतो. त्याच धुरातून दोनदा गेलेला प्रकाश ८० टक्क्यांचा ८० टक्के, म्हणजे ६४ टक्के उरतो. यंत्र आतल्या आत वर्गमूळ काढून पुन्हा एकेरी वाटेचा आकडा दाखवते. याचा प्रत्यक्ष परिणाम तपासणीच्या फिल्टरवर (ठरावीक प्रमाणात प्रकाश अडवणाऱ्या काचेवर) होतो: फिल्टरच्या प्रमाणपत्रातील मूल्य एकेरी वाटेचे आहे की दुहेरी वाटेचे, हे न पाहता काम सुरू केले तर पूर्णपणे निरोगी यंत्र सदोष ठरवले जाते.

दुसरी राशी म्हणजे ऑप्टिकल डेन्सिटी. पारगमनाच्या व्यस्ताचा १० पायाचा लॉगॅरिदम म्हणजे ही डेन्सिटी. १० टक्के ओपॅसिटीला ती ०.०४५८, २० टक्क्यांना ०.०९६९ आणि ४० टक्क्यांना ०.२२१८ येते. २० वरून ४० वर जाताना ओपॅसिटी दुप्पट होते, डेन्सिटी मात्र जवळपास २.३ पट होते. धुळीचे प्रमाण डेन्सिटीच्या पटीत वाढते, ओपॅसिटीच्या नव्हे. मिलिग्रॅमचा आलेख काढताना ओपॅसिटीची टक्केवारीच क्ष अक्षावर मांडणे ही नवख्यांकडून वारंवार होणारी चूक आहे.

वापरला जाणारा प्रकाश ५०० ते ६०० नॅनोमीटरच्या, म्हणजे हिरव्या-पिवळ्या पट्ट्यातला असतो. मानवी डोळा याच भागात सर्वाधिक संवेदनशील आहे, आणि पाण्याची वाफ किंवा कार्बन डायऑक्साइड हा प्रकाश शोषत नाहीत. इथे वाफ आणि थेंब यांतला फरक ध्यानात ठेवावा. वायुरूप वाफ यंत्राला दिसत नाही. तीच वाफ थंड होऊन थेंब झाली की राखेइतकीच दिसते.

जागा योग्य आहे का

यंत्र आधीच बसवलेले असले तरी कॅलिब्रेशनला हात घालण्यापूर्वी त्याची जागा पाहून घ्यावी. धूळ पकडणाऱ्या यंत्रणेपासून किंवा वळणापासून प्रवाहाच्या दिशेने पुढे चिमणीचे किमान ४ व्यास आणि पुढच्या अडथळ्याच्या किमान २ व्यास आधी, असा सर्वसाधारण नियम आहे. प्रकाशाची रेषा चिमणीच्या मध्यभागातून जायला हवी.

सर्वांत महत्त्वाची अट थेंबांची आहे. बगॅसमध्ये वजनाने जवळपास निम्मे पाणी असते, त्यामुळे त्याचा फ्लू गॅस, म्हणजे जळणातून निघून चिमणीत जाणारा वायू, मुळातच ओलसर असतो. बॉयलरला ईएसपी (विजेच्या भाराने धूळ पकडणारी यंत्रणा) किंवा बॅग फिल्टर (कापडी पिशव्यांची गाळणी) असेल आणि गॅस गरम राहत असेल तर अडचण नाही. वेट स्क्रबर (पाण्याने गॅस धुणारी यंत्रणा) असेल तर त्याच्या पुढचा गॅस संपृक्त असतो, त्यात थेंब तरंगत असतात, आणि तिथे ओपॅसिटी मीटर कितीही काळजीपूर्वक कॅलिब्रेट केला तरी तो धुळीबरोबर पाणीही मोजत राहतो. अशा चिमणीवर नमुना गरम करून मोजणारे यंत्र लागते. तुमच्या वाट्याला असे यंत्र आले असेल तर ही गोष्ट वरिष्ठांना लेखी कळवावी. शून्य सरकवून ती सुटणार नाही.

वर चढण्यापूर्वी

कंट्रोल रूमला फोन करून वेळ नोंदवावी आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सर्व्हरकडे जाणाऱ्या डेटाला ‘देखभाल’ अशी खूण लावून घ्यावी. वर्क परमिट, पूर्ण हार्नेस आणि खाली उभा असलेला एक सहकारी यांशिवाय शिडीला हात लावू नये. चिमणीच्या प्लॅटफॉर्मखाली आग्या माशांचे पोळे असू शकते, म्हणून खालूनच नीट पाहून घ्यावे. एप्रिल-मे महिन्यांत काम असेल तर ते सकाळीच उरकावे. वळवाच्या पावसाचे ढग दुपारनंतर जमतात आणि विजा होत असताना चिमणीवर असणे जिवावर बेतू शकते.

सोबत मऊ, धागे न सुटणारे कापड, निर्मात्याने सांगितलेले द्रावण, फिल्टरचा संच त्याच्या डबीसह, उष्णतारोधक हातमोजे आणि नोंदवही न्यावी. बॉयलर चालू असताना पेटी फ्लँजवरून उघडली तर गरम गॅस अंगावर येऊ शकतो, म्हणून आधी दाब उणे आहे की अधिक हे कंट्रोल रूमकडून विचारून घ्यावे आणि पोर्टसमोर तोंड धरू नये.

काच पुसण्याचीही एक रीत आहे

प्रथम पर्ज एअरचा ब्लोअर पाहावा. तो काचेसमोर स्वच्छ हवेचा पडदा धरतो आणि पेटीला उष्णतेपासून वाचवतो. साखर कारखान्यात त्याचा एअर फिल्टर बगॅसच्या बारीक भुश्याने अपेक्षेपेक्षा लवकर बुजतो. निर्मात्याच्या पुस्तिकेत लिहिलेला बदलीचा कालावधी आपल्या आवारातील हवा पाहून कमी करावा लागतो. ब्लोअर दोन्ही बाजूंना असतात, आणि दोन्हींची होज हाताने चाचपून पाहावी, कारण तडकलेली होज मोटरच्या आवाजावरून कळत नाही.

त्यानंतर काचा. दोन्ही काचा एकदम पुसून टाकू नयेत. आधी चालू ओपॅसिटी लिहावी. मग फक्त परावर्तकाची काच पुसावी, आकडा स्थिर झाल्यावर लिहावा. मग पेटीकडची काच पुसावी आणि पुन्हा लिहावा. बॉयलरचा भार या काळात स्थिर असेल, तर या तीन आकड्यांच्या फरकांतून कोणती काच किती मळते हे कळते, आणि सहा-आठ आठवड्यांच्या अशा नोंदी हाती असल्या की साफसफाई किती दिवसांनी करावी याचा अंदाज बांधावा लागत नाही.

परावर्तक आधी पुसण्यामागे ठोस कारण आहे. यंत्रात काचेच्या मळाची भरपाई करणारी सोय असते, पण बहुतेक यंत्रांत ती केवळ पेटीच्या बाजूची काच तपासते. समोरच्या काचेवरचा मळ यंत्राच्या लेखी धूरच असतो. एका कारखान्यात ओपॅसिटी महिनाभर हळूहळू चढत होती, रोजची शून्य तपासणी निर्दोष येत होती आणि ईएसपीवर संशय घेऊन तिच्या फील्डची (विजेच्या भाराच्या कप्प्यांची) तपासणीही झाली. शेवटी परावर्तकाच्या बाजूचा ब्लोअर बंद पडलेला सापडला आणि काचेवर डांबरासारखा थर होता. तो पुसल्याबरोबर आकडा मूळ जागी आला. तेव्हापासून मी कोणत्याही तक्रारीवर आधी परावर्तकाकडे जातो.

भरपाईचा आकडाही पाहत जावा. ती ४ टक्के ओपॅसिटीच्या वर गेली, तर काच पुसणे लांबणीवर टाकू नये, हा अमेरिकी निकष आपल्याकडेही पाळण्यासारखा आहे.

अलाइनमेंट

पेटीवर एक छोटी दर्शक खिडकी असते. तिच्यात परतलेल्या प्रकाशाचा ठिपका वर्तुळाच्या किंवा फुलीच्या मध्यावर दिसला पाहिजे. तो सरकला असेल तर फ्लँजचे स्क्रू थोडे थोडे फिरवून मध्यावर आणावा. ही तपासणी चिमणी गरम असताना करावी. पोलादी चिमणी तापल्यावर लांबते, आणि उन्हाच्या बाजूला अधिक तापल्याने किंचित वाकतेही. पहाटे मध्यावर असलेला ठिपका दुपारी कडेला गेलेला आढळला तर गोंधळून न जाता दोन्ही वेळांच्या नोंदी ठेवून त्यांमधली जागा निवडावी. अलाइनमेंट काच पुसल्यानंतर आणि शून्याला हात लावण्यापूर्वी पाहायची असते. हा क्रम उलटा केल्यास वाकडेपणामुळे आलेली चूक शून्यात मिसळून जाते आणि नंतर शोधता येत नाही.

रोजचे शून्य आणि त्याची मर्यादा

यंत्र दिवसातून किमान एकदा स्वतःची तपासणी करते. शून्यासाठी पेटीच्या तोंडाशी एक छोटा आरसा येतो आणि प्रकाश चिमणीत न जाता तिथूनच परततो; वरच्या बिंदूसाठी त्याच वाटेत माहीत असलेला फिल्टर येतो. दोन्ही आकडे अपेक्षित मूल्यापासून २ टक्के ओपॅसिटीच्या आत असावेत. फरक त्याबाहेर जाऊ लागला की कारण शोधावे, आणि ४ टक्क्यांच्या पलीकडे गेला तर दुरुस्ती केल्याशिवाय त्या दिवसाचा डेटा विश्वासार्ह मानू नये.

शून्य सरकले म्हणून लगेच स्क्रू किंवा मेनू उघडून ते जागेवर बसवणे चूक आहे. आधी काच, मग ब्लोअर, मग पुरवठ्याचा व्होल्टेज, मग प्रकाशस्रोत, आणि या सर्वांत दोष नाही हे पाहूनच समायोजन करावे. समायोजनापूर्वीचा आकडा लिहिल्याशिवाय तर मुळीच करू नये, कारण मागच्या तपासणीपासूनचा डेटा किती चुकीचा होता हे सांगणारा तोच एक पुरावा असतो.

हे शून्य खोटे नव्हे, पण बदली शून्य आहे हे सतत लक्षात असावे. प्रकाश चिमणी ओलांडतच नाही, म्हणून परावर्तक, त्याची काच आणि अलाइनमेंट या तपासणीतून सुटतात. चिमणीत धूर असेपर्यंत खरे शून्य दिसणे शक्य नाही.

फिल्टरने तपासणी

दर तिमाहीला तीन न्यूट्रल डेन्सिटी फिल्टर वापरून यंत्राची सरळरेषीयता पाहावी. साधारणपणे १० ते २०, २० ते ३० आणि ३० ते ६० टक्के अशा तीन पातळ्या घेतल्या जातात. पेटीसमोर ऑडिट जिग बसवावा. त्यात स्वतःचा छोटा परावर्तक आणि त्याच्या तोंडाची उघडझाप करणारी आयरिस असते. आयरिस फिरवून आकडा शून्यावर आणावा आणि मग फिल्टर एकामागून एक घालावेत: कमी, मध्यम, जास्त, पुन्हा कमी, असे करत प्रत्येकाची ५ वाचने घ्यावीत. एकच फिल्टर सलग पाच वेळा घालून काढल्यास यंत्र परत येताना चुकते का हे कळत नाही. फिल्टर कडांनीच धरावा. बोटाचा ठसा उमटला तर प्रमाणपत्राला अर्थ राहत नाही.

समजा फिल्टरचे मूल्य २४.० आहे आणि वाचने २३.२, २३.५, २३.१, २३.४, २३.३ आली. सरासरी फरक उणे ०.७. या फरकांचे प्रमाण विचलन सुमारे ०.१६; त्याला २.७७६ ने (५ वाचनांसाठीच्या सांख्यिकी गुणकाने) गुणून ५ च्या वर्गमूळाने भागले की जवळपास ०.२ मिळतात. ०.७ आणि ०.२ मिळून कॅलिब्रेशनची चूक ०.९ टक्के, मर्यादा ३ टक्क्यांची आहे, म्हणजे यंत्र उत्तीर्ण. तरीही पाचही वाचने खालच्याच बाजूला आहेत हे वहीत लिहावे, कारण पुढच्या तिमाहीत हाच कल वाढला तर आजची नोंद उपयोगी पडेल.

ही तपासणी करण्यापूर्वी मेनूमधील वाटेच्या लांबीचा गुणक पाहावा. मोजण्याच्या जागी चिमणीचा आतला व्यास ४ मीटर आणि तोंडाशी ३ मीटर असेल, तर गुणक ०.७५ येतो आणि यंत्र तोंडाशी दिसणारी ओपॅसिटी दाखवते. तो पारगमनाचा घातांक म्हणून लागतो: मोजलेली २० टक्के ओपॅसिटी १५.४ होते, आणि ६० टक्के ओपॅसिटी ४९.७ होते. साधा गुणाकार केला असता दुसरा आकडा ४५ आला असता. फिल्टरचे अपेक्षित मूल्यही याच घातांकाने बदलून घ्यावे लागते.

ओपॅसिटीपासून मिलिग्रॅमपर्यंत

आपल्याकडे सर्व्हरवर जाणारा आकडा मिलिग्रॅमचा असल्याने इथली चूक सर्वांत महाग पडते. चिमणीतून थिंबलमध्ये (बोटाच्या टोपीसारख्या गाळणीत) धूळ गोळा करून तिचे वजन करणे ही मूळ पद्धत आहे. नोझलमध्ये शिरणाऱ्या गॅसचा वेग चिमणीतल्या वेगाइतकाच ठेवावा लागतो; तो कमी पडला तर जड कण जास्त प्रमाणात शिरतात आणि आकडा फुगतो. बॉयलरचे वेगवेगळे भार निवडून प्रत्येक भारावर ३ नमुने घ्यावेत, आणि नमुना ज्या मिनिटाला सुरू झाला व ज्या मिनिटाला थांबला, नेमक्या त्याच काळातील ऑप्टिकल डेन्सिटीची सरासरी काढावी. प्रयोगशाळेच्या माणसाचे घड्याळ आणि डेटा लॉगरचे घड्याळ सकाळीच जुळवून घेतलेले बरे.

प्रकाश तापलेल्या गॅसमधून जातो, म्हणून आलेख प्रत्यक्ष स्थितीतील मिलिग्रॅमशी जुळवावा आणि सामान्य स्थितीत रूपांतर नंतर करावे. गॅस १४० अंश सेल्सिअसवर असेल तर २५ अंशांच्या संदर्भासाठी केल्विनमध्ये ४१३ भागिले २९८, म्हणजे १.३८६ ने गुणावे लागते: प्रत्यक्षातले ३६ मिलिग्रॅम जवळपास ५० होतात. ओलाव्याची आणि, जिथे लागू असेल तिथे, ऑक्सिजन किंवा कार्बन डायऑक्साइडच्या संदर्भाची दुरुस्ती याशिवाय वेगळी.

मिळालेले समीकरण त्याच इंधनापुरते खरे असते. बगॅसची राख आणि कोळशाची राख यांच्या कणांचा आकार आणि रंग वेगळा असतो, आणि तेवढ्याच वजनाची बारीक राख जास्त प्रकाश अडवते. बगॅससोबत कोळसा जाळायला सुरुवात झाली, किंवा ईएसपीची मोठी दुरुस्ती झाली, तर जुने समीकरण बाजूला ठेवून नवे नमुने घ्यावेत. एरवीही दर सहा महिन्यांनी ही जुळवणी पुन्हा करावी.

चालू आलेख वाचताना

सूट ब्लोइंगच्या, म्हणजे बॉयलरच्या नळ्यांवरची काजळी उडवण्याच्या, वेळी येणारे उंच शिखर खरे असते. ईएसपीच्या प्लेटवर हातोडे पडताना ठरावीक अंतराने येणारी छोटी शिखरेही खरी असतात. ती डॅम्पिंग (आकड्यांची सरासरी काढून रेषा गुळगुळीत करणारी सोय) वाढवून पुसू नयेत. कारखान्याच्या वाऱ्याखालच्या वस्तीत अंगणातल्या वाळवणावर आणि दोरीवरच्या कपड्यांवर पडणारी काळी राख त्याच मिनिटांत बाहेर पडलेली असते. याउलट, भार बदलला तरी जराही न हलणारी सरळ रेषा दिसली तर आनंद मानू नये. शटर बंद पडले आहे का, सिग्नल ४ मिलिअँपिअरवर, म्हणजे त्याच्या सर्वांत खालच्या पातळीवर, अडकला आहे का, हे पाहावे. दिवसांगणिक हळूहळू चढणारी रेषा बहुधा काचेची, आणि एका क्षणी पायरीसारखी चढून तिथेच थांबलेली रेषा बहुधा अलाइनमेंटची असते.

हंगाम संपल्यावरची संधी

वीज केंद्राला खरे शून्य पाहण्यासाठी मोठ्या ओव्हरहॉलची वाट पाहावी लागते. साखर कारखान्याला ती संधी दरवर्षी मिळते, आणि ती वाया जाताना पाहून मला मनापासून वाईट वाटते. गाळप थांबून चिमणी थंड झाली की पेटी आणि परावर्तक दोन्ही खाली उतरवून वर्कशॉपमध्ये न्यावेत. दोन भक्कम स्टँडवर, चिमणीवर जितके अंतर होते बरोबर तितक्याच अंतरावर, समोरासमोर बसवावेत. हे अंतर टेपने मोजावे, ड्रॉइंगवरून घेऊ नये. हवेत धूळ नसावी, जवळ ग्राइंडर चालू नसावा. काचा स्वच्छ करून अलाइनमेंट साधावी, यंत्र तासभर गरम होऊ द्यावे आणि मग मोकळ्या हवेतील आकडा पाहावा. हे खरे शून्य. इथे यंत्र शून्यावर आणावे, त्यानंतर आतल्या आरशाचे बदली शून्य याच्याशी जुळवावे, आणि शेवटी ऑडिट जिगची आयरिसही याच शून्यावर पक्की करून तिच्यावर तारखेची पट्टी लावावी. पुढच्या हंगामातील रोजची आणि तिमाहीची प्रत्येक तपासणी या एका दिवसाच्या कामावर उभी असते.

थंड चिमणीवरच शून्य घेण्याचा मोह होतो, पण नैसर्गिक ड्राफ्टमुळे भिंतीवरची सुटी राख वर तरंगत राहते आणि ती शून्यात मोजली जाते. पावसाळ्यात पेट्या चिमणीवर सोडू नयेत; ब्लोअर बंद असताना ओलावा काचेच्या आतल्या बाजूला जाऊन बुरशी धरते, आणि ती कापडाने निघत नाही.

पेट्या पुन्हा वर चढवण्याचे काम बॉयलर अग्निप्रदीपनाच्या किमान आठवडाभर आधी पूर्ण व्हावे, म्हणजे ब्लोअर, केबल आणि सिग्नल तपासायला वेळ मिळतो. नोंदवहीच्या नव्या हंगामाच्या पहिल्या पानावर मोकळ्या हवेतील शून्य, आतल्या आरशाचे शून्य, वरच्या बिंदूचे मूल्य, वाटेच्या लांबीचा गुणक, मिलिग्रॅमचे समीकरण आणि ते ज्या इंधनासाठी काढले ते इंधन, असे सहा तपशील तारीख व सहीसह लिहावेत, आणि त्या पानाची प्रत कंट्रोल रूममध्ये शिफ्ट इंजिनिअरच्या टेबलाजवळ लावावी.